गुहेच्या दारावरची ओळ

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ती घडली तेव्हा मी तिथे नव्हते; ज्यांच्याकडून ऐकली, तेही नव्हते. गुहेच्या आत काय झाले, हे सांगायला तर कोणीच परतले नाही.

एका राज्यात डोंगराच्या पोटात एक गुहा होती. तिच्यातली हवा विषारी होती. दाराशी कुण्या पाथरवटाने खोदून ठेवले होते: 'आत जाऊ नका. हवा विषारी आहे. गेलेला मरतो.' वाचता न येणाऱ्या गुराख्यांनाही ते तोंडपाठ होते. कैक पिढ्या तिथे कोणी दगावले नाही.

नव्या राजाला तो मजकूर ओबडधोबड वाटला. त्याने राजकवीकडून ओळ रचून घेतली: 'थकल्या जिवा, येथे वारा निजतो, येथे जो विसावला, त्याला पुन्हा दुःख शिवत नाही.'

ती खोदण्याचे काम त्याच पाथरवटाच्या वंशातल्या एका म्हातारीकडे आले. तिने छिन्नी खाली ठेवली.

"कविराज, यात मरण कुठे आहे?"

"प्रत्येक शब्दात आहे, आजी. जाणत्याला कळेल."

"आणि दुःखात बुडालेल्याला?"

"त्याला तर सर्वांआधी."

"माझ्या लेकीचा नवरा जाऊन चार महिने झाले. हे वाचून ती दाराशी थांबेल की आत शिरेल, तेवढे सांगा."

कवी हसला. "तुम्ही दगड फोडा. ओळींचे आम्ही बघतो."

राजाज्ञा होती. म्हातारीने जुनी अक्षरे तासली आणि नवी खोदली.

ओळ राज्यभर गाजली. बायका ती जात्यावर गाऊ लागल्या. गुहेला देवस्थान समजून दुःखी माणसे फुले घेऊन येऊ लागली. वर्षभरात सात जण आत गेले. सातवी म्हातारीची लेक होती.

म्हातारी दरबारात आली. "ती ओळ तासू द्या," एवढेच म्हणाली.

"तासू द्या, महाराज," कवीही खाली मान घालून म्हणाला.

राजाने विचार केला. "इतकी सुंदर ओळ नष्ट करवत नाही. खाली जुना मजकूरही खोद."

म्हातारीने खोदला. कवीने त्यानंतर काही रचले नाही.

जिथे जीव वाचवायचा असतो, तिथे शब्दाने सुंदर होण्याआधी स्पष्ट व्हावे.

दगडावर आता दोन्ही मजकूर होते. पुढच्या वर्षी आणखी एक जण आत गेला. त्याने त्यांतला कोणता वाचला होता, हे अजून कोणालाही ठाऊक नाही.