कपार अडवणारे खेकडे

मुलांनो, गोष्ट सांगणाऱ्याने शांत राहावं म्हणतात. मला या गोष्टीत ते जमत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. समुद्रकाठच्या खडकांत पाण्याचं एक कुंड होतं आणि त्यात खेकड्यांची वस्ती होती. कुंडातून बाहेरच्या खोल, गार पाण्यात जायला एकच अरुंद कपार होती, तीही फक्त भरतीच्या वेळी उघडी. ओहोटी लागली की कपार कोरडी पडे. थंडीच्या दिवसांत तिथे सगळे गुण्यागोविंदाने राहत. एक म्हातारा खेकडा आणि एक दांडगा तरुण खेकडा तर एकाच खडकावरचं शेवाळ मिळून खात. पण अलीकडे दर उन्हाळ्यात कुंडातलं पाणी आधीपेक्षा जास्तच तापू लागलं होतं. खेकड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार तर तो गार, पाणी तापलं की तोही तापतो. त्या वर्षी सगळेच तापले.

त्या कुंडात एक खेकडीण होती. तिच्या पोटाखाली अंड्यांचा नारिंगी घोस होता. एवढ्या ऊन पाण्यात अंडी टिकायची नाहीत, हे तिला कळत होतं. भरती आली ती बेताचीच; कपार उघडली, पण कुंडातलं पाणी काही निवलं नाही. ती लगबगीने कपारीकडे निघाली. पाहते तो काय, कपारीच्या तोंडाशी म्हातारा आणि तरुण नांग्या उगारून उभे! "आधी मी जाणार. इथे माझा मान आहे," म्हातारा म्हणाला. "मान गेला खड्ड्यात! सकाळपासून माझ्याकडे वाकडं बघतोयस," तरुण गरजला. आयुष्यभर तिरके चालणारे हे, आणि म्हणे वाकडं बघतोस! तेवढ्यात कपारीपलीकडून एक कासव म्हणालं, "अहो, भांडता कशाला? या पाण्याने तुमची डोकी तापवली आहेत. जरा बाहेर या, आपोआप निवाल." झालं! दोघांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आम्हाला अक्कल शिकवू नकोस! राग आमचा आहे, त्यात पाण्याचा काय संबंध?" कासव बिचारं निघून गेलं.

खेकडीण काकुळतीला आली. "काका, दादा, भांडण मागून करा हो. मला तेवढं जाऊ द्या. माझी पिल्लं मरतील!" "थांब गं! आधी याचा निकाल लागू दे," दोघेही एकदम ओरडले. तेवढ्यापुरतं मात्र त्यांचं एकमत झालं! आणि बाकीचे खेकडे काय करत होते म्हणता? बघत होते. अर्धे म्हाताऱ्याला चढवत होते, अर्धे तरुणाला. "बाजूला व्हा, तिला जाऊ द्या," एवढं म्हणायला एकाचंही तोंड उघडलं नाही. खरं सांगू? त्या दोघांपेक्षा मला या बघ्यांचाच जास्त राग येतो.

भांडता भांडता ओहोटी लागली आणि कपार कोरडी पडली. वरून खडक ओलांडावा, तर ऊन इतकं की अंडी वाटेतच वाळली असती. खेकडीण एका दगडाच्या सावलीत बसली आणि पोट हलवून हलवून अंड्यांना पाणी देत राहिली. पाणीच कढत, ती तरी काय करणार! पुढची भरती यायच्या आत तो नारिंगी घोस पांढराफटक पडला.

मग उधाणाची मोठी भरती आली. गार पाण्याचा लोट कुंडात शिरला आणि सगळ्यांची अंगं निवली. उगारलेल्या नांग्या खाली आल्या. आपण कशावरून भांडत होतो, ते दोघांनाही धड आठवेना. दोघे शहाण्यासारखे बाजूला सरकले. "ये बाई, तू आधी जा," म्हातारा म्हणाला. "हो ताई, वाट मोकळी आहे," तरुण म्हणाला.

खेकडीण जागची हलली नाही. "आता मला कसली घाई?" ती म्हणाली. "जा तुम्ही सावकाश."

तात्पर्य : राग आला की तो कशाने आला हे आधी पाहावं, समोरच्याशी भांडत बसलं की भलत्याचीच वाट अडते, आणि मागून कितीही शांत झालं तरी गेलेला जीव परत येत नाही.