शंभरावं पान

"उद्यापासून एका जागी पाचांपेक्षा जास्त माणसं दिसली, तर कोठडी!" रंगरावराजांनी हुकूम सोडला. गावात पटकी शिरली होती, त्यामुळं हुकूम काही चुकीचा नव्हता. पण दिवाण त्रिंबकपंतांनी लगोलग जुनी सनद उलगडली.

"सरकार, ऐकावं. 'महादेवासमोर रोज शंभर पानांची पंगत व्हावी. एक दिवस जरी मोडली, तर देवस्थानाची जमीन सरकारजमा.' आता पंगत मोडणारच की!"

पंतांचा त्या जमिनीवर कधीचा डोळा होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक, नव्हतं ते एकट्या राजांना!

देवळात पत्रावळी लावणारी सगुणा गुरवीण दाराशीच उभी होती. जमीन गेली की धान्य गेलं, म्हणजे शंभर म्हातारीकोतारी ऐन साथीत उपाशी! ती तशीच पुढं घुसली.

"सरकार, हा कुठला न्याय? जेवायला बसवलं तर कोठडी, नाही बसवलं तर जमीन जप्त! मारायचंच तर एका बाजूनं तरी मारा!"

"तोंड आवर, सगुणे!" राजे कडाडले. "सनद आमच्या आजोबांची, हुकूम आमचा. दोन्हींतला एकही शब्द मोडणार नाही. उद्या दुपारी दोन्ही पाळून दाखव. जमलं तर मागशील ते देऊ."

"आणि नाही जमलं तर?" पंतांनी गोड आवाजात विचारलं.

"तर जमीन जप्त!"

"शब्द दिलात हं सरकार! पंत साक्षीला आहेत," असं म्हणून सगुणानं पदर खोचला आणि ती निघाली.

वाड्यापासून देवळापर्यंतचा रस्ता सुतासारखा सरळ. राजांच्या आजोबांची हौस! वाड्याच्या दारात उभं राहिलं की थेट गाभाऱ्यातला दिवा दिसायला हवा. त्या रस्त्यानं जाता जाता सगुणा मध्येच थांबली. पुढं पाहिलं, मागं पाहिलं, आणि एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या पायरीपासून रस्त्याच्या कडेनं दहा-दहा हातांवर पळसाची एकेक पत्रावळ मांडलेली. प्रत्येक पत्रावळीवर एक माणूस, घरून आणलेलं उकळलेलं पाणी घेऊन. सगुणा बैलगाडीत उभी. पुढ्यात आमटीभाताचे हंडे, हातात वेळूची लांब काठी बांधलेलं ओगराळं. लांबूनच वाढत वाढत गाडी वाड्याशी आली.

पंत बोटांवर मोजतच होते. "नव्याण्णव! गेनूबाबा लेकीकडं गेलाय. एक माणूस कमी! मोडली पंगत!"

"मोडायची घाई झालीय होय पंत? शंभरावं पान हे काय, सरकारांच्या दारात! महादेवाचा प्रसाद आहे. वाढलेल्या पानाला सरकार पाठ दाखवणार का?"

आमटीचा वास राजांच्या नाकात केव्हाचा शिरला होता. ते पानावर बसले. देवळात शंख वाजला आणि सगळे एकदमच जेवू लागले.

राजांचं पान लख्ख झालं. पंत म्हणाले, "सरकार, उठावं."

राजे उठता उठता थबकले. दूर पायरीशी पहिल्या पानावर बयाआजी बसली होती. तोंडात एक दात नाही, घास काही संपेना!

"पंत, पंगतीतून आधी उठतात का? त्या म्हातारीचं होऊ द्या."

राजे हात वाळवत बसून राहिले. शेवटी बयाआजीनं ढेकर दिला, शंख वाजला, तेव्हा कुठं सगळे उठले.

पंतांचा पारा चढला. "सरकार, शंभर माणसं जमवलीन हिनं!"

"पाच सोडा, दोघं तरी एका जागी दाखवा!" सगुणा म्हणाली.

"पण महादेवासमोर कुठं?"

"वळून बघा की! दिवा दिसतोय ना?"

"असेल! पण माणूस इथं, माणूस तिथं! ही पंगतच नव्हे!"

सगुणानं ओगराळं कमरेला टेकवलं. "पंगत नव्हती, तर सरकार इतका वेळ हात वाळवत कुणासाठी बसले होते?"

राजे पोट धरधरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं! "सगुणे, आम्हांलाच साक्षीदार केलंस! माग काय हवं ते!"

"जमीन कायमची देवाच्या नावानं करा. आणि साथ हटेपर्यंत हे ओगराळं पंतांच्या हातात द्या. माझे खांदे भरून आलेत."

"दिलं!"

दुसऱ्या दिवसापासून पंत गाडीत उभे. पहिल्याच पानाशी बयाआजी ओरडली, "पंत, आमटी जरा पातळ वाढा! नाहीतर सरकारांना संध्याकाळपर्यंत बसावं लागंल!"