सुभेखिंडीतला तांब्या

आमच्या आंबरखोऱ्यात पाणी हातात देत नाहीत, समोर ठेवतात. पाहुण्यांनो, रागावू नका. ही शिवाशीव नव्हे. घरात आई लेकरालाही असंच देते. याचं मूळ आपण बसलोय त्या खिंडीत आहे.

पूर्वी सुभेदार बदलला की जाणारा नदीच्या पाण्याचा तांब्या घेऊन इथे उभा राहायचा. येणाऱ्याने ओंजळ धरायची, प्यायचं आणि म्हणायचं, "खोरं माझ्या हाती आलं." मगच जाणाऱ्याची वाट मोकळी. तशी शपथच असे देवीपुढे.

अर्जोजी नावाचा सुभेदार असाच उभा राहिला, असं सांगतात. घाटाखाली त्याच्या लेकीचं लग्न ठरलेलं, जीव सगळा तिकडे. पण नवा सुभेदार उतावळा. तो दुसऱ्या घाटाने आला आणि थेट सदरेवर जाऊन बसला. निरोप धाडला, तर म्हणाला, "हुकूम माझ्या कमरेला आहे, तांब्यात नाही."

गावकरी अर्जोजीला म्हणाले, "सरकार, आता जावा घरला. पोर वाट बघत आसंल."

"खोरं कुणाच्या हाती देऊन जाऊ?" एवढंच तो बोलला.

लग्न त्याच्याविना लागलं. तो उभाच. पुढे पुढे त्याला कुणी जेवताना पाहिलं नाही, निजताना पाहिलं नाही. आणि सदरेवरचा ज्या विहिरीवर जाई, ती आटायची. कासावीस होऊन तो पळाला. मग सुभाच मोडला म्हणे, आणि नवं कुणी यायचं उरलंच नाही.

शेवटी एक कासार बांगड्यांचं ओझं घेऊन खिंडीत आला. तहानलेला होता, ओंजळ धरली, प्याला, आणि त्याला ठाऊक नसलेले ते शब्द त्याच्याच तोंडून निघाले. अर्जोजी हसला नि खिंड ओलांडून गेला. कासार मात्र घरी निघाला, तर पाय खिंडीतूनच मागे फिरले. तेव्हापासून सुभेदारी एका वाटसरूकडून दुसऱ्याकडे चालत आली आहे.

आजही खिंडीत कुणीतरी उभा असतो. तुम्ही उन्हाचे चढून आलात, दमलात. हा तांब्या मी दगडावर ठेवतो, उचलून घ्या. मी मूळचा इथला नव्हे. तरणा होतो, घसा कोरडा पडला होता आणि मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या खालच्या चिंचांमागे माझं गाव आहे बघा. फार वाटतं जावंसं. पण ओंजळ तेवढी पुढे करू नका, दादा.