देवीचा डोळा आणि गुरवाचं यंत्र

फार पूर्वीची गोष्ट म्हणावी, तर असली यंत्रं तेव्हा नव्हती; आणि कालपरवाची म्हणावी, तर इतकी भाबडी माणसं आता उरली नाहीत, असं प्रत्येक गाव स्वतःबद्दल सांगतं. तेव्हा काळाचं राहू द्या. एका गावात एक गुरव होता.

गावच्या देवीची पूजा त्याच्याकडे होती. पहाटे देवीला स्नान घालायचं, आदल्या दिवशीची फुलं उतरवायची, ताजी वाहायची आणि नैवेद्यातला वाटा घेऊन घरी यायचं. काम अवघड नव्हतं, पण मानाचं होतं. शिवाय गुरवाला दुसरं काही येत नव्हतं.

एके दिवशी आरतीच्या वेळी लोकांच्या लक्षात आलं, की देवीच्या दोन चांदीच्या डोळ्यांपैकी डावा डोळा जागेवर नाही. डोळा बदामाएवढा, मेणाने चिकटवलेला. तो गेल्यामुळे देवी साऱ्या गावाला डोळा मारते आहे, असं दिसत होतं. कुणी हसलं नाही. ज्यांना हसू आलं त्यांनी घाईघाईने हात जोडले.

गाभारा झाडला, कोनाडे चाचपले, उंदरांच्या बिळात काड्या घालून पाहिल्या. डोळा नाही. पंच बसले.

"एकडोळी देवी पालखीत बसवता येणार नाही," पाटील म्हणाला. "जत्रा दहा दिवसांवर आली. तोवर डोळा मिळाला तर ठीक, गुरवा. नाही तर पूजा तुझ्या चुलतभावाकडे जाईल."

चुलतभाऊ तिथेच बसला होता. सर्वांत जास्त हळहळ त्यालाच वाटत होती.

पाटील मनाने वाईट नव्हता. त्याने शहरातून एक यंत्र मागवलं. लांब दांडा, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला भाकरीच्या तव्याएवढी तबकडी. जमिनीवरून तबकडी फिरवली, की खाली जिथे धातू असेल तिथे यंत्र वाजतं, असं आणणाऱ्याने सांगितलं. सोबत माहितीचं एक पुस्तकही दिलं आणि गेला.

यंत्र शनिवारी आलं. नवी वस्तू आली की गावात जे करतात ते सगळं रीतसर झालं. पाच सवाष्णींनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. पुस्तक तांबड्या फडक्यात बांधून देवीपुढे ठेवलं. पुस्तकाची पूजा करायची असते; ते वाचणारे लोक वेगळे. मग दृष्ट लागू नये म्हणून गुरवाने तारेत लिंबू आणि सात मिरच्या ओवल्या. गाडीला लिंबू पुढे बांधतात. यंत्राचं पुढचं अंग म्हणजे तबकडी. म्हणून त्याने ते तबकडीला लोंबतं बांधलं.

गुरव यंत्र उचलून चालू लागला, आणि दुसऱ्याच पावलाला यंत्र कोकललं.

"सापडला!" गाव ओरडलं. कुदळी आल्या. हातभर खणल्यावर गंजका खिळा निघाला. डोळा नव्हता, पण यंत्र खरं आहे याची खात्री पटली.

पुढच्या पावलाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. देवळापुढे वाजलं, पाराशी वाजलं, विहिरीच्या काठावर वाजलं. गुरव थांबला की यंत्र थांबायचं, चालू लागला की बोंब मारायचं. असं का, हे गुरवाला कळेना. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, देवीला आपलं थांबणं आवडत नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, चालणं आवडत नाही. तिसऱ्या दिवशी तो एका पायावर उड्या मारत गेला. यंत्र आणखी जोरात वाजलं.

जुन्या गावात कुठेही खणलं तरी काही ना काही निघतंच. फाळाचा तुकडा निघाला, कात्रीचं एक पातं निघालं. पाटलाचा उंबरा उखडला, तेव्हा खालून पितळी पळी निघाली. तीच पळी चोरल्याचा आळ पाटलिणीने बारा वर्षांपूर्वी आपल्या जावेवर घेतला होता. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. पळी निघाल्यावर बोलू लागल्या, आणि पाटलाच्या घरची शांतता संपली.

शुक्रवारपर्यंत गावात एक्केचाळीस खड्डे झाले. डोळा नव्हता. गुरवाच्या कानात झोपेतही यंत्र वाजत होतं. चुलतभाऊ रोज येऊन विचारायचा, "काही मदत करू का रे?" आणि देवळाची किल्ली कुठे टांगलेली असते ते बघून जायचा.

शनिवार उजाडला. जत्रा दुसऱ्या दिवशी होती. गुरव यंत्र घेऊन अंगणात बसला होता. त्याची म्हातारी आत्या ओसरीवर वाती वळत होती. ती ठार बहिरी. त्यामुळे आठ दिवस गाव जे ऐकत होतं ते तिने ऐकलंच नव्हतं; जे दिसत होतं तेवढंच ती पाहत होती.

"अरे, आज शनिवार ना?" आत्या म्हणाली. "लिंबू पार सुकलं की. गुरवाचा ना तू? एवढंही कळू नये?"

गुरव ओशाळला. त्याने जुनं लिंबू सोडलं आणि ताजं आणायला निघाला. यंत्र हातातच होतं. तो अंगणभर चालला, आणि मध्येच थबकला.

यंत्र वाजलं नव्हतं.

त्याने ते हलवलं, उलटं केलं. कानाशी धरलं. काही नाही. "अगं, ऐकलंस का!" तो किंचाळला. "मेलं! लिंबू सोडायचा अवकाश, दृष्ट लागली बघ!"

गुरवीण पिठाच्या हातांनी बाहेर आली. गुरवाने धावत जाऊन नवं लिंबू आणलं आणि तारेत ओवून बांधलं. यंत्र कोकललं. "जगलं!" गुरव म्हणाला. खात्री करावी म्हणून त्याने पुन्हा सोडलं. गप्प. बांधलं. बोंब. असं त्याने पाच वेळा केलं आणि पाचही वेळा त्याचा गोंधळ थोडा वाढला.

गुरवीण बघत होती. "अहो," ती म्हणाली, "ते लिंबालाच तर वाजत नाही ना?"

"लिंबात कसला आलाय धातू?"

"लिंबात नाही. तारेत."

गुरवाने तारेकडे पाहिलं. मग तबकडीकडे पाहिलं. मग कुंपणापलीकडे दिसणाऱ्या खड्ड्यांकडे पाहिलं.

"म्हणजे आठ दिवस आपण..."

"आपण नाही, तुम्ही," गुरवीण म्हणाली. "आठ दिवस तुम्ही लिंबू शोधत होतात. तेही स्वतःच बांधलेलं."

आता पंचाईत अशी, की हे गावाला सांगावं तर एक्केचाळीस खड्ड्यांचा धनी तोच ठरणार, आणि त्यातला एक पाटलाच्या दारात होता. न सांगावं, लिंबू पुन्हा बांधावं, तर उद्यापर्यंत आणखी चार खड्डे होतील. पूजा जाईल, पण लोक म्हणतील, बिचाऱ्याने खूप खटपट केली. गावात खटपटीला मान असतो. मुकं यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला मात्र लोक रिकामटेकडा म्हणतात.

त्याचा हात लिंबाकडे गेला.

"बांधा, बांधा," गुरवीण म्हणाली. "वाजत गेलेलं बरं. फक्त जाताना चुलतभावाला किल्ली देऊन जा, म्हणजे त्याला उद्या हेलपाटा नको."

गुरवाने लिंबू ओसरीवर ठेवलं आणि मुकं यंत्र घेऊन बाहेर पडला.

गल्लीच्या तोंडाशीच पाटील भेटला. "वाजत का नाही रे? मोडलंस की काय?"

"नाही जी," गुरव खाली मान घालून म्हणाला. "आठ दिवस लिंबाची तार वाजत होती. ती आज सोडली."

पाटलाला समजायला वेळ लागला. "आणि माझा उंबरा?"

"तो लिंबापायीच गेला, पाटील."

घरात पाटलीण आणि तिची जाऊ अजून बोलतच होत्या, म्हणून पाटीलही गुरवाच्या मागे चालू लागला. पाराशी यंत्र गप्प. विहिरीशी गप्प. गुरवाला त्या शांततेत प्रथमच जरा विचार करता आला. डोळा मेणाने चिकटवलेला. मेण उन्हाळ्यात मऊ पडतं. मऊ मेणाला फूल चिकटतं. आणि फुलं रोज कोण उतरवतं?

तो देवळामागे वळला. तिथे उंबराच्या बुंध्याशी निर्माल्याचा ढीग होता, त्याने स्वतःच्या हातांनी रोज टाकलेला. आठ दिवसांत साऱ्या गावात कुदळ फिरली होती. पण निर्माल्याला पाय लागू नये म्हणून तेवढी जागा सोडून दिली होती.

गुरवाने वहाणा काढल्या आणि तबकडी ढिगावर सावकाश धरली.

यंत्र एकदाच वाजलं. अगदी हळू.

वाळलेल्या झेंडूच्या पोटात, मेणात लडबडलेला, डोळा होता.

त्या संध्याकाळी देवीपुढचं पुस्तक फडक्यातून सोडवलं. पहिल्याच पानावर पहिलंच वाक्य होतं: 'तबकडीजवळ कोणतीही धातूची वस्तू असू नये.' पाटलाने ते मोठ्याने वाचलं, कुणाकडेही न बघता पुस्तक मिटलं आणि पुन्हा फडक्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा झाली. देवी दोन्ही डोळ्यांनी पालखीत बसली आणि पूजा गुरवाकडेच राहिली. चुलतभावाने सर्वांत मोठ्याने जयजयकार केला. खड्डे बुजवायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून पालखी ते चुकवत नागमोडी वाटेने गेली. पुढच्या वर्षी खड्डे बुजले होते, पण पालखी तशीच गेली. आजही तिथे पालखी नागमोडी जाते, आणि का, असं विचारलं तर सांगतात, की देवीला सरळ चाललेलं आवडत नाही.

तात्पर्य: पावलोपावली वाजणारं यंत्र काहीच सांगत नसतं. शोधायला निघण्याआधी त्याला आपण काय बांधलं आहे, ते एकदा सोडून पाहावं.