येसाईची उघडी कळशी

वर कड्याला चिकटलेली ती वेल बघा. पानाच्या टोकाला कळशी, कळशीत पाणी, वर उघडं झाकण. पुस्तकात तिला घटपर्णी म्हणतात; आमच्या भिवाळ्यात येसाईची वेल. या कड्याशिवाय ती इकडे कुठे उगवत नाही. हात लावायचा नाही, लांबून बघायचं.

असं सांगतात, की फार मागे एकदा डोंगरावरचे सगळे झरे आटले. गावची रीत अशी, की ज्या कळशीवर पान झाकलं ते पाणी देवीचं. जीव गेला तरी त्याला कुणी तोंड लावायचं नाही. येसाईच्या घरात एकच कळशी उरली होती, आणि मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. धाकटी जाऊ ठकू पाण्यासाठी वणवण करून दाराकडे येताना दिसली, तसं येसाईनं झटकन कळशीवर पान टाकलं. बाई वाईट नव्हती. पण लेकरापुढं तिला दुसऱ्याची कोरड दिसली नाही.

"जाऊबाई, घोटभर द्या," ठकू म्हणाली.

"देवीचं आहे. पान दिसत नाही होय?"

"मग कसं मागू," म्हणत ठकूनं कळशीला हात जोडले, आणि कड्यातली जुनी झिरप बघायला गेली.

हाक येसाईच्या ओठापर्यंत आली होती म्हणे. पण मारली असती तर खोटं उघडं पडलं असतं. तिनं पान तसंच राहू दिलं. ठकू कड्यावरून पडली ती पडलीच.

लेकरू वाचलं. येसाईच्या घशाखाली मात्र पाणी उतरेना. उरलेली कळशी तिनं ठकू पडली तिथं नेऊन ओतली आणि देवीला विनवलं, इथं पानापानाला कळशी लागू दे, झाकण कधी मिटू देऊ नको, तहानेलं कुणी परत जायला नको. देवीनं ऐकलं. वेल उगवली. पहिली मुंगी पाणी प्यायला वाकली, घसरली, आत बुडून मेली. मग माशी. येसाई काडीनं एकेक काढत बसायची. म्हातारपणापर्यंत काढत होती, असं सांगतात. वेल काही ऐकेना.

आजही भिवाळ्यात देवीसाठी कळशी झाकत नाहीत. आधी दारातल्या माणसाला पाजायचं, उरलं तर देवीपुढं ठेवायचं. पाहुण्या बायका विचारतात, देवी रागवत नाही का? रागवली तर रागवू दे. ठकूनं हात जोडले तेव्हा ती तिथंच होती ना? मग ते पान उचलायला तिला कुणी अडवलं होतं?