तीन कनातींचा पूल

एका राज्यात एक नदी होती आणि तिच्यावर पूल टिकत नव्हता. दोनदा कमान उभी राहिली, दोनदा पाण्यात गेली. कमानीच्या माथ्याचा दगड बसवणारा पाथरवटांचा नाईक धर्माजी पहिल्या खेपेला गुडघ्यापर्यंत दगड झाला, दुसऱ्या खेपेला कमरेपर्यंत. तरी तिसऱ्या कमानीचा दगडही त्यानेच बसवला. गड्यांनी त्याला खांबासारखा उचलून वर नेला आणि पुन्हा काठावर आणून ठेवला.

त्याची बायको चिमाबाई त्याला भाकरी भरवीत असता वाळूतली टिटवी म्हणाली, "बाई, ही कमान पडली तर याचं काळीजही दगड होईल."

"शाप कोणाचा?"

"मांत्रिक कालनाथाचा. तो काम बघायला आला, तर तुमच्या तिन्ही नाइकांनी त्याच्या तोंडावर कनात ओढली. तो म्हणाला, कनातीआड बांधाल ते कनातीसारखंच खाली येईल. तिन्ही नाइकांनी आपापल्या हाताने कनात उतरवली तर शाप सुटेल."

त्या राज्याची रीतच तशी होती. पाथरवट, चुनेवाले आणि सुतार आपापल्या कापडी कनातीआड काम करीत, एकमेकांशी बोलत नसत. कनातीच्या घडीत शपथेचा नाग राही आणि घराण्याचं गुपित फोडणाऱ्याला डसे.

चिमाबाई उठली ती थेट चुनेवाल्या बाबण्णाकडे गेली.

"बाबण्णा, चुना कधी धरतो?"

"घरचं गुपित आहे, वहिनी. जा तुम्ही."

"मग आमचं आधी ऐका. आमचे हे माथ्याचा दगड बोटभर मोठा घडवतात आणि ठोकून बसवतात."

नाग आला, तिला डसला. तिचे केस पांढरे झाले. ती तिथेच उभी राहिली.

बाबण्णाने मान खाली घातली. "ठोकलेल्या दगडाला चुना उशिरा धरतो, हे मला कोणी सांगितलंच नाही. अमावास्येआधी धरणार नाही तो." त्याने कनात उतरवली. नाग त्यालाही डसला, त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

मग ती सुतारांच्या नाइकाकडे, रामशेटकडे गेली. कमानीखाली कालबूत म्हणजे लाकडी आधार असतो, तो त्याच्या हातचा.

"रामशेट, कालबूत अमावास्येपर्यंत ठेवा."

"पौर्णिमेला लाकूड देवीला दाखवावं लागतं, वहिनी. दरवेळी तेव्हाच काढतो. देवी खोळंबेल का?"

"लाकूड देवीकडे न्यायचं असंच ठरलंय का? देवीलाच कमानीखाली आणा."

रामशेटने कमानीकडे पाहिलं. मग हसला. "नदीत पालखी? पुजारी मला फाडून खाईल."

"खाऊ दे. पूल तर राहील."

त्याने कनात उतरवली. नाग आला आणि त्याच्या भुवया पांढऱ्या करून गेला.

तिसरी कनात धर्माजीची. तो तिचे केस बघून सगळं समजला.

"माझ्या आजाचं गुपित बाहेर दिलंस?"

"दिलं."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही नाहीच म्हणाला असता. आजोबांचा पूल कुठं उभा आहे, दाखवा मला."

त्याने नदीकडे पाहिलं. नदी वाहत राहिली. मग त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला. "दोरी जरा इकडे दे. पोहोचत नाही."

तिने दोरी हातात दिली. ओढली मात्र त्यानेच. कनात खाली आली; गुपित आधीच फुटलं होतं, म्हणून नाग आला नाही.

पौर्णिमेला देवीची पालखी गुडघाभर पाण्यातून कमानीखाली आली. पुजारी सारा वेळ कुरकुरत होता. अमावास्येला बाबण्णाने सांध्यात नख रोवून पाहिलं आणि वर ओरडला, "धरला. रामशेट, काढा आता."

कालबूत निघालं. त्याच सायंकाळी पूर आला. पाणी कमानीला धडकलं, फिरलं आणि खालून निघून गेलं. कमान हलली नाही.

धर्माजीची कंबर मऊ झाली, मग गुडघे, मग पावलं. पहिलंच पाऊल टाकताना तो अडखळला, तसा एका बाजूने रामशेटने आणि दुसऱ्या बाजूने बाबण्णाने त्याला धरलं.

"सावकाश, नाईक," बाबण्णा म्हणाला.

तिघं तसेच, एकमेकांना धरून, पलीकडे चालत गेले. चिमाबाई मागून भाकरीचं फडकं घेऊन निघाली. त्यांचा पूल तगला, तसं ऐकणाऱ्यांचंही हातचं काम तगो.