मैनीच्या खोपटाचं अंगण

डोकं वाकवून अंगणात या. या चौकटीला लहानमोठं कळत नाही. मागे एका साहेबांना चांगलं टेंगूळ आलं होतं.

हे मैनीचं खोपटं. भिंती जांभ्या दगडाच्या, वर नारळाच्या झापांचं छप्पर, आत एकच खोली. मैनी खोतांची बटीक होती, म्हणजे विकत घेतलेली दासी. त्या खोतांचं मोठं घर समोरच होतं म्हणतात, पण आज त्याचं जोतंही दिसत नाही. आमच्या घराण्याचं मूळ या खोपटात आहे, म्हणून इथली हकिकत सांगायचा मान माझ्याकडे.

घाटावर दुष्काळ पडला तेव्हा मैनी लहानपणीच विकली गेली आणि आमच्या नागवेळ गावी, खोतांच्या सुपारीच्या आगरात आली, असं सांगतात. दिवसभर झाडांना पाणी घालायचं आणि इथे येऊन अंग टाकायचं, एवढंच तिचं आयुष्य. पुढे तिला जाई नावाची मुलगी झाली. बटकीचं मूलही धन्याचंच धरत, त्यामुळे जाई जन्मापासून खोतांच्या मालकीची.

एका वर्षी उधाणाने बांध फोडला आणि समुद्र आगरात शिरला. विहीर खारट झाली, सुपाऱ्या माना टाकू लागल्या. विसाजी खोत कपाळाला हात लावून काळकाईच्या देवळात जाऊन बसले. मैनी मात्र डोंगरातल्या झऱ्याचं गोडं पाणी खांद्यावर वाहून आणत राहिली आणि मुळाशी ओतत राहिली. ते पाहून खोत देवीसमोर बोलून गेले, "आगर वाचलं तर मैनीचा घडा फोडीन."

दासाला मोकळं करायचं तर धन्याने त्याच्या खांद्यावरचा भरला घडा उतरवून फोडायचा, अशी जुनी रीत होती म्हणे. पावसाळ्यानंतर सुपाऱ्यांना नवे कोंब आले. आगर वाचलं.

पण त्याच सुमारास खोतांच्या वेणूचं लग्न ठरलं होतं. श्रीमंताची लेक सासरी जाताना तिच्यासोबत आंदण म्हणून बटीकही देत. त्यासाठी जाईला नेमलं होतं. आंदणात गेलेली पोर आईला पुन्हा दिसायची नाही, हे मैनीला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः आईपासून तशीच तुटलेली होती.

घडा फोडायच्या दिवशी देवळापुढे गाव जमला. मैनी भरला घडा घेऊन आली आणि तिने तो जाईच्या खांद्यावर ठेवला.

"धनी, माझ्या बदली हिचा फोडा."

"आणि आंदणाला कुणाला पाठवू?"

"म्या जाईन."

खोत चिडले, पण देवीला दिलेला शब्द आणि समोर सगळा गाव. त्यांनी घडा फोडला आणि जाई मोकळी झाली. मैनी हसत होती आणि जाई रडत होती म्हणे. मला विचाराल तर रडणारीचंच बरोबर होतं.

लग्न लागलं. वऱ्हाड बंदराकडे निघालं ते याच वाटेने. पुढे वेणूची पालखी, मागे बोचकं काखेत मारलेली मैनी. वेणू ती केवढी, अजून लुगडं धड सावरता येत नव्हतं. तिने इथे पालखी थांबवली आणि मैनीला घडा भरून आणायला सांगितलं. विहीणबाई खूश झाल्या. सून उंबरा ओलांडायच्या आधीच बटकीला कामाला लावते, म्हणजे घर नीट चालवील! मैनीने पाणी आणलं. वेणूने तिच्या खांद्यावरचा घडा दोन्ही हातांनी उचलला आणि या अंगणात आपटला.

"अगं, हे काय केलंस? आमचं आंदण!" विहीणबाई ओरडल्या.

"आंदण माझं आहे, सासूबाई. बाबांनी मला दिलंय. मला हवं ते मी केलं."

बरोबरच्या भटजींनी मान डोलावली, असं सांगतात. म्हणजे शास्त्रही वेणूच्या बाजूचं. विहीणबाई पाय आपटत बंदराकडे गेल्या. सासरी वेणूला बोलणी बसली असणार, पण ती कुणाला बधली नाही. खोतांनी हे खोपटं आणि भोवतीची जमीन मैनीच्या नावे सोडली. काळकाईच्या भयाने की लेकीच्या धाकाने, यावर गावात दोन मतं आहेत. मैनीने मोकळेपणी पहिलं काम काय केलं, यावर मात्र एकच मत आहे. दुसऱ्या दिवशी ती ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपली आणि जाईने कुणाला तिला उठवू दिलं नाही.

आजही नागवेळची कुठलीही मुलगी सासरी निघाली की आधी इथे येते. सासू भरला घडा तिच्या हातात देते आणि ती तो फोडते. त्या वेळी सासूने अवाक्षर काढायचं नसतं. माझी सूनही याच गावची, तिने फोडला तेव्हा मीही तोंड मिटून उभी होते. ती म्हणते, आयुष्यात तेवढीच एक वेळ. त्या खापऱ्या आम्ही झाडत नाही, इथेच चोपून बसवतो. तुम्ही उभे आहात ते सगळं अंगण तसंच झालंय. चपला काढून बघा, कुठे टोचत नाही.